जप्तीतला दुधी

सन एकोणीसशे चौतीसच्या जानेवारीत मार्तंडराव लिमये मुंबईच्या एका सरकारी दफ्तरखान्यातली तीस वर्षांची नोकरी पुरी करून श्रीवर्धनजवळच्या आपल्या गावी कायमचे राहायला आले. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी गोदूबाई यांनी परसात उन्हाळी भाजी लावण्याची सूचना मांडली. चैत्र-वैशाखात गावात वालाखेरीज पानात काही पडत नसे. विहिरीला पाणी होते, परस रिकामे होते. चार वाफे करावेत, भेंडी, गवार, लाल माठ लावावा, कडेला दुधीचा वेल चढवावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मार्तंडरावांनी सूचना विचारार्थ स्वीकारली.

तीस वर्षे जुन्या फायली सांभाळल्यामुळे, कागद नसलेली वस्तू जगात असू शकते यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी परसाचा नकाशा काढला. भेंडी हिरव्या शाईने दाखवली, माठ तांबड्या. दुसऱ्या आठवड्यात नकाशाला मथळा मिळाला: 'उन्हाळी भाजीपाल्याची नियोजित लागवड, भाग पहिला'. दुसरा भाग काढायचा नव्हता, पण पहिला म्हटल्यावाचून कामाला वजन येत नाही. मग त्यांनी अकरा खुंट्या ठोकून सुतळी ताणली. बी कधी टाकायचे, असे गोदूबाईंनी विचारले, तेव्हा योजना अजून बियाण्याच्या पायरीपर्यंत आलेली नाही असे उत्तर मिळाले.

नकाशा काढताना एक गंभीर बाब उघडकीस आली. विहीर बरोबर हद्दीवर होती. अर्धी लिमयांच्या परसात, अर्धी शेजारच्या रहिमुन्निसेच्या. रहिमुन्निसेचा नवरा बोटीवर खलाशी होता; आठ वर्षांपूर्वी एडनच्या बाजूला गेला तो परत आला नाही. तेव्हापासून ती परसात भाजी करून बोर्ली पंचतनच्या बाजारात विकत असे आणि त्यावर घर चालवत असे. दोन्ही घरांची माणसे एकाच रहाटाने पाणी काढत आली होती आणि त्याबद्दल कोणाला काही वाटले नव्हते. मार्तंडरावांना वाटले. त्यांनी तालुक्याच्या कचेरीला अर्ज लिहिला: घरच्या परसात भाजी लावून तिला हद्दीवरच्या विहिरीचे पाणी घालण्यास परवानगी लागते काय? लागत नसल्यास, लागत नाही असे लेखी मिळावे.

कचेरीतल्या अव्वल कारकुनांनी तो अर्ज तीन वेळा वाचला. असा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. 'लागत नाही' असे लिहिले तर उद्या जबाबदारी येईल, आणि 'लागते' असे लिहिले तर येणार नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात आले. उत्तर गेले: लागते. चौकशी होऊन परवानगी मिळेपर्यंत लागवड करू नये.

मार्तंडरावांना समाधान वाटले. गोदूबाईंनी तोवर बी भिजत घातले होते. त्यांनी ते कुंपणावरून रहिमुन्निसेला देऊन टाकले.

फाल्गुनात चौकशीला कचेरीचे सर्कल इन्स्पेक्टर आले. गावात त्यांना बापूसाहेब म्हणत. त्यांनी लिमयांच्या परसातल्या अकरा खुंट्या पाहिल्या, सुतळी पाहिली, नकाशाची तारीफ केली. मग त्यांची नजर कुंपणापलीकडे गेली. तिथे चार वाफे हिरवेगार होते, भेंडीला बोंडे धरली होती आणि मांडवावरून एक कोवळा दुधी लोंबत होता.

यांची परवानगी कुठे आहे, असे त्यांनी विचारले. खोटे बोलण्याची सवय नसल्यामुळे मार्तंडरावांनी आपल्याला ठाऊक नाही असे सांगितले. त्यावर जागेवरच पंचनामा झाला. भेंडीची झाडे बेचाळीस, गवार दोन ओळी, माठ एक वाफा, दुधी नग एक, लांबी एक वीत. भाजी जप्त झाली. ती उपटून नेणे सोयीचे नसल्याने होती तिथेच ठेवली, आणि विश्वासू माजी नोकर म्हणून मार्तंडरावांच्या ताब्यात दिली. त्यांनी वळणदार सही केली.

रहिमुन्निसा तेव्हा बाजारात गेली होती. संध्याकाळी कोतवालाने तिच्या हातात नोटीस ठेवली, आणि आळीत शिकलेला माणूस एकच असल्यामुळे ती नोटीस घेऊन लिमयांच्या ओटीवर आली.

"मार्तंडभाऊ, मला वाचता येत न्हाय. काय लिवलंय यात?"

मार्तंडरावांनी नोटीस आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचली. भाजी विनापरवाना आढळल्याने जप्त केली आहे. निकाल लागेपर्यंत ती तोडू नये. सदर विहिरीचे पाणी अर्जदाराने व शेजारणीने तिला घालू नये.

"अर्जदार कोण?"

मार्तंडरावांनी कागदाची घडी घातली. "मी."

"बरं," ती म्हणाली. "मग मंगळवारी बाजारात मी काय नेऊ?"

नोटिशीत याविषयी काही म्हटलेले नव्हते.

त्या दिवशी मार्तंडरावांना जेवण गेले नाही. सगळे रीतीप्रमाणेच झाले आहे, असे त्यांनी गोदूबाईंना दोन वेळा समजावून सांगितले. गोदूबाईंनी नोटिशीतला तो हुकूम मागून घेतला आणि दिव्याजवळ धरून अक्षर न् अक्षर वाचला. लग्नानंतर मुंबईच्या बिऱ्हाडात मार्तंडरावांनीच त्यांना वाचायला शिकवले होते.

सकाळी रहाट करकरू लागला. मार्तंडराव धावत परसात आले, तर गोदूबाई पदर खोचून शेजारच्या वाफ्यांना पाणी लावत होत्या. हे थांबवले पाहिजे, असे ते म्हणाले.

"हुकमात अर्जदार आहे आणि शेजारीण आहे," गोदूबाई म्हणाल्या. "मी कुठे आहे ते दाखवा."

मार्तंडरावांनी चष्मा आणून हुकूम पुन्हा वाचला. त्या कुठेच नव्हत्या. ते घरात गेले.

गोदूबाई रोज पाणी घालत राहिल्या, आणि तोडायची मनाई असल्यामुळे भाजी नुसतीच वाढत राहिली. गवार दोरखंडासारखी झाली, माठ फुलोऱ्यावर आला. भेंडी इतकी जून झाली की वाऱ्याने झाडे हलली तर खुळखुळ्यासारखी वाजे. रहिमुन्निसा माडाच्या हिरांचे खराटे बांधून बाजारात नेऊ लागली, पण खराटे गावात घरोघर होत असल्याने ती बहुतेक तसेच परत आणी. लिमयांच्या ओटीवरून जाताना ती पूर्वीसारखी थांबत नसे. मार्तंडराव त्या वेळी वर्तमानपत्र उघडून धरीत, कधी कधी उलटे.

चैत्र संपता संपता बापूसाहेब जप्त मालाची फेरतपासणी करायला आले. बरोबर कापडी फीत होती. त्यांनी दुधी मोजला, पंचनामा पाहिला, पुन्हा दुधी मोजला. कागदावर तो एक वीत होता. मांडवाखाली तो दीड हात भरला.

"लिमये, हा काय प्रकार आहे?"

"वाढला तो," मार्तंडराव म्हणाले.

"कोणाच्या हुकमाने?"

तीस वर्षांत मार्तंडरावांच्या ताब्यातला एकही कागद बोटभरदेखील वाढला नव्हता. बापूसाहेबांनी मुद्देमालात फेरफार झाल्याची नोंद केली आणि आठ दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात ताबेदाराने लेखी खुलासा करावा किंवा माल मूळ लांबीत हजर करावा. न केल्यास त्यांच्या सेवापुस्तकात प्रतिकूल शेरा मारण्याची शिफारस होईल.

मार्तंडरावांचे सेवापुस्तक शेऱ्यांच्या बाबतीत कोरे होते. ते त्यांनी देव्हाऱ्याखालच्या खणात रेशमी फडक्यात गुंडाळून ठेवले होते. सात दिवस ते खुलासा लिहीत बसले. पहिल्या खर्ड्यात वाढणे हा दुधीचा स्वभाव असल्याचे प्रतिपादन होते, पण त्याला आधार म्हणून जोडायला कागद मिळेना. दुसऱ्यात सगळा दोष विहिरीवर होता. तिसऱ्यात तो गोदूबाईंवर होता. तो खर्डा त्यांनी स्वच्छ अक्षरात उतरवला आणि वाचला. मग फाडून टाकला.

आठव्या दिवशी सकाळी ते कोयता घेऊन कुंपण ओलांडून गेले. रहिमुन्निसा मांडवाखाली पिवळी पाने काढत होती. मार्तंडरावांनी दुधीचे देठ धरले, कोयत्याने कापले आणि तो दीड हात मुद्देमाल दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"तुमचा आहे," ते म्हणाले.

"हा तोडायचा न्हाय ना?"

"नाही."

"मग?"

"मग तोडला." एवढे बोलून ते खाली पाहू लागले. "मी विचारायलाच नको होतं, रहिमुन्निसा."

तिने दुधी हातात घेऊन तोलला. मग त्यांच्याकडून कोयता मागून घेतला, दुधीचे दोन तुकडे केले आणि एक त्यांना दिला. दुपारी लिमयांकडे त्याची भाजी झाली. दुधी जून होता, बिया दातांखाली येत होत्या. मार्तंडरावांनी दोनदा वाढून घेतली.

कचेरीत मोठा पेच पडला. मुद्देमाल जागेवर नाही म्हणून प्रकरण चालेना, प्रकरण चालत नाही म्हणून त्याला नंबर पडेना, आणि नंबराशिवाय शेरा मारता येईना. सर्व कागद बांधून माळ्यावर गेले. रहिमुन्निसेने राहिलेली भेंडी बियाण्यासाठी सुकवली. मार्तंडरावांची परवानगी आषाढात टपालाने आली. ती मे अखेरपर्यंत वैध होती.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण एकदा 'लागते' असे लिहिल्यावर ते लागतच राहते. पुढच्या माघात चावडीवर जाहीरनामा लागला की सर्व परसांना परवानगी आवश्यक आहे. वर्षभर मार्तंडरावांना हसलेले गाव अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याच ओटीवर जमले. बी घ्या आणि टाका, कोणी विचारायला येणार नाही, तुम्ही विचारू नका, असे मार्तंडरावांनी हात जोडून सांगितले. त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असे लोकांचे मत पडले, आणि अर्ज दुसरीकडून लिहून आणले गेले. होळीपर्यंत सदतीस घरांना परवाने मिळाले. काहींनी ते चौकटीत बसवून देवांशेजारी टांगले.

रहिमुन्निसेने आणि लिमयांनी परवान्याशिवायच भाजी लावली. महिन्याभरात त्यांच्याविरुद्ध कचेरीत तक्रारी गेल्या. कचेरीने काही विचारले नव्हते, कोणी चौकशीला आले नव्हते. सदतीसच्या सदतीस तक्रारी परवानेवाल्यांच्या होत्या, आणि प्रत्येकीत आशय एकच होता: आम्ही चार खेपा घातल्या, आणि हे न विचारता भेंडी खातात.

वाचकहो, हे गाव अडाणी होते असे आपणांस वाटणे साहजिक आहे. आपल्याकडे सर्व कागद चोख असतील यातही शंका नाही. फक्त एक सांगा: कुंपणापलीकडे न विचारता काही हिरवे दिसले, तेव्हा आपल्या मनात आधी काय आले होते, बी मागावे की अर्ज लिहावा?