सावंत हवालदारांची चौकी

सावंत हवालदारांनी एकदा प्रेशर कुकरला अटक केली होती. रीतसर, पंचांसमक्ष.

दुबईत जबल अलीच्या आमच्या लेबर कॅम्पात मी स्टोअरकीपर होतो आणि सावंत गेटवरचे वॉचमन. म्हणजे कंपनीच्या कागदावर वॉचमन. स्वतःच्या मते ते ठाणे अंमलदार होते. गावाकडे एकोणतीस वर्षं पोलिसात काढून रिटायर झाले आणि बायको गेल्यावर इकडे आले. वर्दी तेवढी मनातून उतरवायची राहून गेली. गेटजवळच्या पत्र्याच्या खोलीला ते 'चौकी' म्हणत आणि कॅम्पातल्या प्रत्येक माणसाला 'सदर इसम'.

त्या कुकरवर सहा आणि सात, दोन्ही नंबरच्या खोल्यांनी हक्क सांगितला होता. सावंतांनी तो जप्त केला, दोन सुतारांना पंच म्हणून उभं केलं, पंचनामा लिहिला, कुकर सुतळीने बांधला आणि गाठीवर मेणबत्तीच्या मेणाचं सील ठोकलं. आत डाळ होती.

"अहो हवालदार, डाळ तरी काढू द्या!" सहा नंबरवाले ओरडले.

"मुद्देमालाला हात लावायचा नाही. कायद्याने चाला!"

ऑगस्ट महिना. चौथ्या दिवशी दोन्ही खोल्यांनी हक्क सोडला. पाचव्या दिवशी वाऱ्याने दिशा बदलली आणि आमचा इजिप्शियन मॅनेजर नाकाला रुमाल लावून चौकीत धावत आला. त्यालाही सावंतांनी आधी रजिस्टरात सही करायला लावली.

त्याच वर्षी म्हसळ्याकडचा युनूस गवंडी कामावर जायचा थांबला. आई वारल्याचं पत्र त्याच्या हातात पडलं तेव्हा दफन होऊन सोळा दिवस झाले होते. आता जाऊन करणार काय? तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. डॉक्टरने तपासलं, ताप नाही, म्हणून चिठ्ठी नाही. कंपनीचा नियम सरळ होता. विनाकारण तीन दिवस गैरहजर, तर व्हिसा कॅन्सल, माणूस परत. आणि युनूसच्या घरी लग्नाच्या दोन बहिणी होत्या, कमावणारा हा एकटा. गैरहजेरीचा रिपोर्ट द्यायचं काम सावंतांचं, आणि सावंतांनी जन्मात रिपोर्ट चुकवला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर हजर. "सावंत, युनूस किदर? आज नहीं गया तो खलास."

"गैरहाजिर नहीं है साब. मेरे ताबे में है."

"क्या किया उसने?"

"पानी के टाकी का ढक्कन चोरी हुआ. ये खास गवाह है. बाहर छोडा तो फुटेगा. तीन दिन जबानी चलेगी. उसकी हाजिरी लगाव, कंपनी के काम में है."

मॅनेजरला कुकर आठवला असावा. तो निमूट गेला.

टाकीचं झाकण खरोखरच नाहीसं झालं होतं. ते सावंतांच्या खाटेखाली होतं. मी ते पाहिलं आणि मी पाहिल्याचं सावंतांनी पाहिलं.

"काय भाऊ, पंच म्हणून येताय?"

मी नको म्हटलं.

दुपारी चौकीवरून जाताना जबानी कानावर आली.

"सदर बाई रागीट होत्या का?"

"लय."

"मारायच्या?"

"केरसुणीनं."

"कुठल्या हाताने? नीट आठव. खोटं चालणार नाही."

युनूस आठवत होता, मध्येच हसत होता, मध्येच रडत होता. सावंत मान वर न करता लिहीत होते. तीन दिवसांत अकरा पानं झाली. चौथ्या दिवशी युनूस साइटच्या बसमध्ये चढला आणि झाकण आपल्या पायांनी टाकीवर जाऊन बसलं.

सोडताना सावंतांनी अट घातली. "दर शुक्रवारी दुपारी चौकीत हजेरी. चुकलास तर वॉरंट काढीन."

त्या शुक्रवारी मी चौकीत डोकावलो. बांगड्याचं कालवण तयार होतं, दोन थाळ्या मांडलेल्या होत्या आणि नवीन शर्ट घातलेले सावंत दारात उभे राहून रस्त्याकडे बघत होते.

"भाऊ, ही जुम्म्याची नमाज साधारण किती वेळ चालते हो?"

"येईल की, हवालदार."

"येईल म्हणजे? यावंच लागेल. अट आहे त्याला," सावंत म्हणाले आणि कालवण पुन्हा गरम करायला आत गेले.