हार्कलीकर बगळ्यांची योकोहामाची स्वारी

शहाणे वाचक हो, इंग्रजांचे मुलखी हार्कली म्हणोन कसबा आहे. तेथील नेटबॉलच्या फौजेचे राज्य कैसे उभे राहिले, कैसे ढळले आणि जपानच्या दर्याकिनारी त्याची अखेर कैसी जाहली, हे जे जे मैदानी हजर होते त्यांचे तोंडून ऐकोन येथे मांडिले आहे. खोटे काही घातले नाही. फुगविले मात्र आहे, त्याची माफी असावी.

हार्कलीत बिस्किटांचा कारखाना होता. तेथील बायका शिफ्ट सुटली म्हणजे चर्चच्या सभागृहात जमोन नेटबॉल खेळत. हा खेळ म्हणजे बास्केटबॉलची धाकटी परंतु कडक शिस्तीची बहीण. सात असामी एका बाजूस, चेंडू हाती आला की पळावयाची मनाई, तीन सेकंदांवर धरावयाची मनाई, आणि खांबावर नुसते कडे, मागे फळी नाही. त्या बायकांनी अंगरख्यावर बगळा काढिला आणि 'हार्कली हेरन्स' ऐसा किताब घेतला, हेरन म्हणजे बगळाच. मग आसपासचे कसबे जेर केले, मग पगारी शिबंदी उभी राहिली, मग टीव्हीवर स्वाऱ्या दिसो लागल्या, आणि एके साली लीगचे तख्त एका गोलाने हुकले. तेथोन दिवस फिरले. कारखाना बंद पडला, आश्रयदाते पांगले, नामांकित सरदारणी दुसऱ्या दौलतींच्या चाकरीस गेल्या, आणि सरते दोन मोसम फौजेने एकही सामना मारिला नाही. मग लीगच्या दरबारातून फर्मान सुटले की, पुढील सालापासोन संघ कमी करणे आहेत, सबब हार्कलीकरांनी निशाण गुंडाळावे.

या फौजेची सरसेनापती गेमा थॉर्नबी. जागा गोल कीपरची, म्हणजे आपल्या कड्याखाली उभे राहोन गनिमाचा चेंडू अडवावयाचा. हिची आई त्याच कारखान्यात बिस्किटे पुड्यांत भरीत असे. फर्मान ऐकोन बाईसाहेब रडल्या नाहीत, इतकेच म्हणाल्या की, जपानचा करार आधीच जाहला आहे, तेवढी स्वारी करोन येऊ.

तो करार ऐसा की, योकोहामास एक सामना खेळोन जपानी लोकांस हा खेळ दाखवावा. समोर एका विद्यापीठाच्या मुली उभ्या राहणार होत्या. परंतु सामन्याचे आदले दिवशी त्या मुलींत इन्फ्लुएन्झाने ऐसा छापा घातला की, निम्मी फौज अंथरुणास खिळली. आयोजकांनी कमरेत लवोन वारंवार क्षमा मागितली आणि तजवीज सुचविली की, सामन्याऐवजी लोकांसमोर सराव करावा.

हे बोलणे इंग्रजीत उतरवावयास दुभाषी म्हणोन नुपूरबाई होत्या. राहणार फुनाबोरी, मूळच्या पुण्याच्या, यजमानांचे कंपनीमागे जपानात आल्या आणि भाषा शिकोन आपली चाकरी मिळविली. त्यांनी तजवीज सांगताच थॉर्नबीबाईंनी मान हलविली.

"सराव आम्ही घरी पण करतो," त्या म्हणाल्या. "आमचं शेवटचं जे लिहिलं जाईल तो सामना असू दे. समोर कोणीही चालेल, पण सात जणी हव्यात."

मग नुपूरबाईंनी फुनाबोरीच्या मराठी बायकांचे व्हॉट्सअॅप ग्रुपवर खलिता रवाना केला. जबाब येऊ लागले. कोणाची सासू नारिताच्या विमानतळी उतरणार होती, कोणाचा बाइतो होता, म्हणजे तासांवरचे काम, आणि कोणी नुसताच अंगठा पाठविला, त्याचा अर्थ अद्याप लागला नाही. ऐसे निराशेचे समयी गीताबाईंचा जबाब आला. गीताबाई पन्नाशीच्या, सॉफ्टवेअर तपासावयाचे काम करीत, ऑफिसात 'गीता-सान' म्हणताच भले भले प्रोग्रामर खुर्चीत नीट बसत. जबाब ऐसा: "नियम ट्रेनमध्ये वाचते. किती वाजता?"

गीताबाईंनी चार जणी तेथेच मुकर्रर केल्या, पाचव्या आपण, सहाव्या नुपूरबाई, आणि सातवीसाठी खासा वरच्या मजल्यावर चालोन गेल्या. तेथे अरुणा राहात असे. नाशिकची, लग्न होऊन आलेली, यजमान अवधूतराव इचिकावास नोकरीस. ही पोर कॉलेजात बास्केटबॉल खेळलेली, परंतु जपानात आल्यापासोन घरात बसोन होती. दुकानात, लिफ्टात, दवाखान्यात कोणी काही पुसले तर 'दाइजोबु', म्हणजे ठीक आहे, एवढेच बोलोन सुटका करोन घेत असे. गीताबाईंसही तेच उत्तर दिले. गीताबाईंनी त्याचा अर्थ होकार ऐसा लाविला.

दुसरे दिवशी दुपारी फुनाबोरीकर फौज योकोहामाचे व्यायामशाळेचे वेशीवर येऊन ठेपली आणि तेथेच पहिला वेढा पडला. दरवाजावर मोरिता-सान म्हणोन वृद्ध किल्लेदार होते. त्यांनी नम्रपणे बजाविले की, रस्त्यावरचे बूट लाकडी जमिनीवर चालणार नाहीत, आतले निराळे असावे लागतात. कोणीही निराळे आणिले नव्हते. तेथील सपाता घालोन पळणे अशक्य, अनवाणी खेळावयास पंच राजी नाहीत. रदबदली बहुत जाहली, किल्लेदार लवले बहुत, परंतु हटले नाहीत. तेव्हां गीताबाईंनी पायरीवर बैठक मारिली, पिशवीतून ओले रुमाल काढिले आणि एकेक तळवा घासावयास घेतला. बाकीच्याही बसल्या. मग सर्व बूट उलटे करोन किल्लेदारापुढे मांडिले. मोरिता-सानांनी चष्मा चढविला, एकेका तळव्यावरोन बोट फिरविले, एक जोड पुन्हा घासावयास परत केला, आणि अखेर वाट दिली.

सामन्यापूर्वी गीताबाईंनी नुपूरबाईंकरवी थॉर्नबीबाईंस कळविले की, आम्ही नवख्या आहोत हे खरे, परंतु दया केलेली दिसली तर मैदान सोडोन जाऊ. थॉर्नबीबाईंनी आपल्या फौजेकडे पाहिले आणि उत्तर दिले, "आमच्याकडे दया उरलेली नाही. दोन वर्षं आम्हीच हरतोय."

मग शिटी जाहली आणि बगळे तुटोन पडले. त्यांचे चेंडू ऐसे फिरत की, फुनाबोरीकरांस चेंडू कोठे आहे हे गोल जाहल्यावरच कळे. गीताबाई चेंडू घेऊन पळत, पंच शिटी मारीत, गीताबाई पंचांस नियम पुसत, पंच सांगत, आणि पुन्हा तेच. पहिला डाव सरला तेव्हां हार्कलीकरांचे एकोणीस आणि इकडे शून्य. फुनाबोरीत गोल मारावयाचा मुख्य हुकूम अरुणाकडे, आणि तिच्यासमोर खासा थॉर्नबीबाई, नियमाप्रमाणे तीन फूट दूर राहोन, हात आभाळास लावोन उभ्या. अरुणास चेंडू मिळे, परंतु हात जुन्या सवयीने कड्यामागील फळी शोधी. फळी नव्हती. चेंडू कड्यावरोन पार होऊन भिंतीस जाऊन लागे. दुसरा डाव, तिसरा डाव, तीच गत. प्रेक्षक जपानी कुटुंबे, ती सभ्यपणे दर वेळी टाळ्या वाजवीत, तेणेकरोन अरुणास अधिकच मेल्याहून मेले होई.

तिसरे डावानंतरचे विसाव्यात ती पाण्याची बाटली घेऊन नुपूरबाईंस म्हणाली, "तू ये ना माझ्या जागी. मी नुसती दिसते उंच. मला जमत नाहीये, सगळे बघतायत."

नुपूरबाई काही बोलणार तो गीताबाई मधे आल्या. घामाने चष्मा धुरकटला होता. "मलाही काही जमलेलं नाही गं," त्या म्हणाल्या. "पण जागा कोण बदलणार? मला आता इथून हलता येत नाहीये."

अरुणा हसली. हसोन उठली. आणि चौथे, म्हणजे शेवटचे डावी तिने फळीचा नाद सोडिला. चेंडू पुढे न फेकता वर सोडो लागली, उंच आणि हलका. पहिला कड्यास लागोन बाहेर पडला. दुसरा थॉर्नबीबाईंनी बोटांनी उडविला. शेवटची थोडी मिनिटे राहिली असता गीताबाईंनी चेंडू मिळविला आणि प्रथमच न पळता फेकिला, नुपूरबाईंनी पुढे दिला, अरुणाने झेलिला, गुडघे वाकविले आणि सोडिला. थॉर्नबीबाई सर्व अंगाने उसळल्या. चेंडू त्यांच्या बोटांवरोन गेला, कड्यावर एक वेटोळे घेतले आणि जाळीतून खाली आला.

टाळ्या पडल्या, परंतु अरुणा जागची हलली नाही. नुपूरबाईंस जवळ बोलावोन हळू म्हणाली, "त्यांनी मुद्दाम सोडला का, विचार ना. खरं सांगायला सांग."

नुपूरबाईंनी विचारिले. थॉर्नबीबाई गुडघ्यांवर हात ठेवोन दम घेत होत्या. त्यांनी अरुणाकडेच पाहोन उत्तर केले, "मी आयुष्यात एकही सोडलेला नाही. आज तर नाहीच. मी पूर्ण उडी मारली होती. तिने माझ्यावरून काढला." आणि मग ज्या बाईसाहेब फर्मान ऐकोन रडल्या नव्हत्या, त्या तेथे कड्याखाली उभ्या राहोन रडो लागल्या, आणि अरुणा दाइजोबु न म्हणता त्यांच्या शेजारी उभी राहिली.

परतीचे ट्रेनमध्ये अवधूतरावांचा मेसेज आला की, स्कोअर काय जाहला. अरुणाने लिहिले: "त्यांचे एकाहत्तर. आमचा एक. तो मी मारला."

येणेप्रमाणे योकोहामाचे मैदानी हार्कलीकर बगळ्यांनी सत्तर गोलांनी फत्ते केली. दोन मोसमांनंतरची ही पहिली आणि राज्याची अखेरची. सरसेनापती गेमा थॉर्नबी यांनी निशाण आपल्या हाताने उतरवोन त्याची घडी घातली. फुनाबोरीकर फौजेने त्याच मैदानी, त्याच दिवशी एक गोल सर केला, आणि तो कोणी बहाल केलेला नव्हता, ही गोष्ट गनिमाच्या मुखे शाबीत जाहली. सबब उभय पक्षी फत्ते लिहिली आहे.