दोन सभासदांची मंडळी

साळवे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पोलादपूरच्या पुढे एका ओढ्याच्या डोहात कमरेइतक्या पाण्यात उभे होते आणि एका लोडाला बुडवत होते. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात टाय. डावा हात लोडाच्या पाठीखाली, उजवा छातीवर. लोडाला पाठ कुठली आणि छाती कुठली हे मला आजही कळलेलं नाही, पण सरांना ते पक्कं ठाऊक होतं. ते काहीतरी गंभीरपणे पुटपुटायचे, लोड मागे कलता करून पूर्ण पाण्याखाली न्यायचे आणि वर काढून त्याच्याकडे कौतुकाने बघायचे. कापूस भिजून लोड दर खेपेला जड होत होता. सर हटत नव्हते.

मी कुडपणला एका विद्यार्थ्याच्या बहिणीचं लग्न उरकून खाली येत होतो. काठावर गोधड्या धुणाऱ्या म्हातारीने मला थांबवलं. "मास्तर, ह्यो तुमच्यातला हाय का वो? सकाळधरनं लोड बुडवतंय. करणीबिरणी तं नाय ना?"

"आमच्यातला नाही," मी छातीठोकपणे सांगितलं. सोमवारी महाडच्या आमच्या हायस्कूलमध्ये मुख्याध्यापकांनी गणिताच्या नव्या शिक्षकांची ओळख करून दिली. तेच ते, अमोस साळवे. टाय वाळला होता.

मधल्या सुट्टीत मी लोडाचा विषय काढला. "सराव करत होतो," सर म्हणाले. "ऐन वेळी माणूस हातातून निसटायला नको."

"आजवर किती माणसं बुडवलीत?"

"अजून एकही नाही. पण तयारी हवी."

ही एक्क्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट. सर आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आले आणि पुढची बारा-तेरा वर्षं माझ्या डोक्यावर बसले. सर बाप्टिस्ट होते. महाडात ख्रिस्ती माणूसच मुळात दुर्मीळ, त्यात हा प्रकार कोणाला कळणार? लोक त्यांना सरळ 'ख्रिश्चन सर' म्हणायचे. सर प्रत्येकाला थांबवून दुरुस्ती करायचे. वाण्याला, पोस्टमनला, एसटीच्या कंडक्टरलासुद्धा. बाप्टिस्ट म्हणजे तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी शिंपडून त्याला ख्रिस्ती करणारे नव्हेत. आधी माणसाला कळायला लागायला हवं, मग त्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायला हवा आणि मग नखशिखांत पाण्याखाली जायला हवं. तोच बाप्तिस्मा. बाकीचे फक्त ओले झाले. कंडक्टर म्हणायचा, "सर, आधी तिकीट घ्या."

आता महाडच्या सावित्रीत मगरी आहेत, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. नखशिखांत बुडवणाऱ्या माणसाने बदली मागून यावं ते नेमकं या गावात! मी हे सरांना ऐकवलं. "मगरीने बाप्तिस्मा बाद होत नाही," सर शांतपणे म्हणाले, "फक्त जरा आटोपता घ्यावा लागतो." तरी दर रविवारी दुपारी खुणा केलेला बांबू घेऊन ते पोलादपूरकडचे डोह मोजत हिंडायचे ते उगाच नव्हे. एका जुलैत पुराचं पाणी बाजारपेठेत शिरलं, दुकानदार गल्ल्यावर चढून बसले. गच्चीवरून ते बघताना मी म्हटलं, "सर, आज सगळ्या महाडचा बाप्तिस्मा झाला." सरांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "कबुलीशिवाय पाणी म्हणजे नुसता पूर, वैद्य."

'वचन दाखवा' हा त्यांचा परवलीचा शब्द. जे शास्त्रात, म्हणजे बायबलात, लिहिलेलं नाही ते करायचं नाही, मग ते कोणीही सांगो. पंचवीस डिसेंबरला मुख्याध्यापक बिचारे केक घेऊन शुभेच्छा द्यायला आले. सर म्हणाले, "पंचवीस तारीख कुठं लिहिलीय? वचन दाखवा." मुख्याध्यापक केक घेऊन परत गेले. त्याच संध्याकाळी सरांच्या बायकोने, मार्थाबाईंनी, सगळ्या इमारतीत करंज्या वाटल्या आणि सरांनी आमच्याकडे बसून त्यातल्या पाच खाल्ल्या. मी वचन मागितलं. "करंजीला वचन लागत नाही," ते तोंड भरलेलं असताना म्हणाले.

मी इतिहास शिकवायचो. तिथे आमची खरी जुंपायची. सातवी-आठवीच्या पुस्तकात ख्रिस्ती लोकांचे रोमन कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे दोन भाग दिलेले असत. "चूक आहे," सर म्हणायचे. "प्रोटेस्टंट म्हणजे रोममधून बाहेर पडलेले. आम्ही आत कधी गेलोच नव्हतो." मग येशूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देन नदीपासून सुरुवात. माँटॅनिस्ट, नोव्हेशियन, डोनॅटिस्ट, वॉल्डेन्शियन, एकेक पंथ सर पूर्वजांचं नाव घ्यावं तसे मोजायचे. हे सगळे आमचेच.

"त्यांना ते ठाऊक होतं का?" मी विचारायचो.

"त्यांचा छळ चालला होता, वैद्य. नाव ठेवायला सवड नव्हती."

"पुरावा?"

"छळणाऱ्यांनी जाळला."

पुरावा नसणं हाच पुरावा, हे ऐकल्यावर इतिहासाच्या माणसाने करायचं काय? मी सूड घेतला. शाळेच्या ग्रंथालयात एका जाड इंग्रजी कोशात मला सापडलं की चारशे वर्षांपूर्वी हॉलंडात जाऊन राहिलेल्या इंग्रज बाप्टिस्टांच्या पहिल्या पुढाऱ्याला आपल्याला बाप्तिस्मा द्यायला लायक माणूसच सापडेना, म्हणून त्याने स्वतःच स्वतःच्या डोक्यावर पाणी ओतून घेतलं. ओतलं! बुडी नाहीच! मी कोश घेऊन धावतच स्टाफरूममध्ये गेलो. सरांनी तो परिच्छेद दोनदा वाचला, कोश मिटला आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी जिन्यात गाठून म्हणाले, "तो माणूस आमचा नव्हे."

"कशावरून?"

"ओतलं ना त्याने? मग संपलं."

सरांची स्वतःची मंडळी होती, म्हणजे चर्च. ती त्यांच्या पुढच्या खोलीत भरायची. सभासद दोन. एक सर आणि दुसरा प्रकाशम, एमआयडीसीत बॉयलरवर काम करणारा तेलुगू फिटर. त्याचा बाप्तिस्मा लहानपणी नव्हे, सोळाव्या वर्षी, गावाकडच्या कालव्यात झाला होता. तरी सरांनी त्याची तीन संध्याकाळी परीक्षा घेतली. पाणी किती होतं? डोकं पूर्ण गेलं का? कान? "कान पण, सर," प्रकाशम घाम पुसत म्हणाला, तेव्हा कुठे नाव नोंदलं.

बाप्टिस्टांत वर कोणी बिशप नसतो, मंडळी स्वतंत्र, सगळे निर्णय मताने. त्यामुळे दोघांची रीतसर सभा व्हायची. 'एकूण सभासद दोन, हजर दोन.' बसायला सतरंजी घ्यायची ठरली. सर म्हणाले निळी. प्रकाशम म्हणाला, "सर, लाल अच्छा. मळत नाही." मतं समसमान. अध्यक्षाला निर्णायक मत असतं, पण ते वापरणं सरांना बिशपगिरी वाटे. चार महिने महाडची बाप्टिस्ट मंडळी फरशीवर बसली.

आणि मार्थाबाई? त्या सभासद नव्हत्या. सरांच्या लेखी त्यांचा बाप्तिस्माच झालेला नव्हता. नगरकडच्या एका खेड्यात त्या तान्ह्या असताना त्यांच्या डोक्यावर पाणी शिंपडलं होतं, बस. लग्नाच्या वेळी सरही तसलेच शिंपडलेले. पुढे मुंबईला शिकायला गेले, तिथे बाप्टिस्ट झाले, आणि परत येऊन पहिलं काम काय केलं, तर बायकोला सांगितलं की तू अजून व्हायची आहेस. मार्थाबाई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकरीचा तुकडा मोडायचा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. सरांचा नियम कडक: नीट बाप्तिस्मा झालेल्यांनाच. ती भाकरी मार्थाबाई पहाटे उठून भाजायच्या, काळ्या मनुका भिजवून रस काढायच्या, तबक पुसून सतरंजीवर ठेवायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलत बसायच्या. बाहेर दोन पुरुष त्यांच्या हातची भाकरी भक्तिभावाने खायचे.

एकदा मी वर्तमानपत्र मागायला गेलो तेव्हा मला हे दिसलं. न राहवून मी विचारलं, "तुम्ही नाही बसत?"

"मी अजून कोरडी हाय त्यांच्या लेखी," त्या हसून म्हणाल्या. मग सुरी खाली ठेवली. "माझ्या आज्याला गावाच्या विहिरीवर चढू देत नव्हते, वैद्य सर. मागून आणलेल्या एका तांब्यात आम्हा चार पोरांचा बाप्तिस्मा झाला. तेवढंच पाणी होतं. ह्यांना बुडायला नदी पायजे! चवदार तळ्याच्या गावात राहून ह्यांना हे मी सांगायचं व्हय?"

मी हे सरांना ऐकवलं. म्हटलं, बघू आता कुठलं वचन काढतात.  सर म्हणाले, "तिच्या आजोबांचा मी आदर करतो. पण कबुली तिची स्वतःची हवी." मला त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला. नियमाच्या पायी घरातल्या माणसाला उंबऱ्याबाहेर बसवणारे लोक आमच्यातही कमी नाहीत, पण ते निदान स्वतःला स्वतंत्र म्हणवत नाहीत.

दोन हजार तीनच्या सुमाराला मार्थाबाईंचं पोट दुखायला लागलं. मुंबईला नेलं, पोट उघडलं आणि तसंच शिवलं. घरी ठेवा, डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, आता सर डोहाचा विषय काढणार. वेळ थोडा उरलाय, आता तरी कबूल हो, म्हणून बायकोच्या मागे लागणार. मी त्यांना चार शब्द सुनवायची तयारीही करून ठेवली होती. सरांनी विषयच काढला नाही. शाळेत अर्धी रजा टाकून ते भात शिजवायचे, तिचे केस विंचरायचे, आणि वेणी भूमितीच्या आकृतीसारखी काटेकोर घालायचे.

मार्थाबाईंची खाट पुढच्या खोलीत आणली होती, तिथे वारा यायचा. पहिला रविवार आला. आमच्या हिने दिलेली पेज घेऊन मी वर गेलो तेव्हा प्रभुभोजन सुरू झालं होतं. भाकरी या खेपेला सरांनी भाजली होती, कडेने करपलेली. मी दाराशीच थांबलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मार्थाबाई त्या वेळी त्या खोलीत होत्या, आणि उठून आत जायची त्यांच्यात ताकद नव्हती. मग त्यांनी काय करावं? त्यांनी हळूहळू कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. नवऱ्याला अवघडायला नको म्हणून.

सरांनी वचन वाचलं. भाकरी मोडली. प्रकाशमला दिली. स्वतःचा तुकडा हातात घेतला आणि तसेच थांबले. प्रकाशम वाट बघत होता. सर उठले, खाटेशी गेले, गुडघे टेकून बसले आणि त्यांनी तो तुकडा बायकोच्या ओठांशी धरला.

"मार्था, घे."

त्यांनी डोळे उघडले. "अहो, प्रकाशम बघतोय."

"बघू दे."

त्यांनी घेतला. करपलेला, सुका तुकडा, त्यांना गिळायला फार वेळ लागला. सर पाण्याचा पेला धरून तसेच बसून होते. मी पेज दारातच ठेवून खाली आलो. सुनवायचे ते चार शब्द मला आठवेनात.

पण साळवे सरांना मीच अजून ओळखलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी सभा बोलावली. एकूण सभासद दोन, हजर दोन. विषय एकच: सभासद अमोस साळवे यांनी बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीला प्रभुभोजन दिलं, सबब त्यांचं नाव मंडळीतून कमी करावं. सूचक, अमोस साळवे. प्रकाशम रडायलाच लागला. "सर, मी नाही मानत. मेरा वोट नाही." मतं समसमान झाली. सतरंजीसाठी कधी न वापरलेलं अध्यक्षाचं निर्णायक मत सरांनी त्या दिवशी वापरलं आणि स्वतःला काढून टाकलं. वही आणि तबक प्रकाशमच्या हातात दिलं. मंडळी आता एका माणसाची झाली, तिला बहुमताची अडचण उरली नाही, असं मी त्या संध्याकाळी आमच्या हिला म्हणालो. ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही.

त्यांच्यात नाव कमी झालेल्याला परत घेता येतं. अट एकच, त्याने मंडळीपुढे पश्चात्ताप झाल्याचं सांगायचं. पहिल्या रविवारी प्रकाशम यायचा, भाकरी मोडायच्या आधी आतल्या खोलीच्या दाराशी जायचा. मार्थाबाईंची खाट आता तिथे हलवली होती आणि सर त्यांच्याजवळ बसलेले असायचे. "सर, गलती मानता?"

"चूक होती. नियमाप्रमाणे चूकच होती."

"पश्चात्ताप, सर?"

सर नकारार्थी मान हलवायचे. प्रकाशम बाहेर येऊन एकटा भाकरी मोडायचा.

पावसाळ्याच्या तोंडावर मार्थाबाई गेल्या. पुढच्या पहिल्या रविवारी मी मुद्दाम वर जाऊन बसलो. सरांना आता परत यायला काही हरकत नाही, असं मला वाटलं. ज्याच्यासाठी नियम मोडला ते माणूसच उरलं नव्हतं. एक शब्द बोलायचा आणि आपल्या मंडळीत जाऊन बसायचं. प्रकाशमही तीच आशा धरून आला होता. त्याने तबक ठेवलं, आत गेला, रिकाम्या खाटेशेजारी बसलेल्या सरांना विचारलं, "सर, आता तरी?"

सरांनी खरंच विचार केला. डोळे मिटून, बराच वेळ, स्वतःला तपासत राहिले.

"खोटं कसं बोलू, प्रकाशम?" ते म्हणाले. "नाही होत."