क्राय म्हणजे नेमके काय

एका जंगलात, मुलांनो, रडायलासुद्धा इंग्रजी लागत असे. सिंहाचा तसा हुकूम होता. सिंहाला स्वतःला इंग्रजी येत नव्हते, म्हणूनच हुकूम कडक होता. हसू नका. पुढे ऐका.

त्या जंगलात झिपरी नावाची म्हैस राहत होती. एका सकाळी तिचे रेडकू डबक्याच्या गाळात रुतले. पोटापर्यंत आत गेले. झिपरी उतरली असती तर तिच्या वजनाने दोघेही गेले असते. सोंड घालून ओढायला हत्तीच हवा होता. पण हत्ती सरकारी नोकर. दरबारच्या हुकुमाशिवाय तो सोंड हलवत नसे.

झिपरी धावत दरबारात गेली आणि तिने हंबरडा फोडला.

सिंहाने दुभाष्याकडे पाहिले. दुभाषी होता बगळा. परवापर्यंत झिपरीच्याच पाठीवर बसून तो किडे टिपत असे. आता परदेशी तळ्यावर राहून आला होता आणि तिला ओळख देत नव्हता.

"महाराज, म्हैस क्राय करते आहे," बगळा म्हणाला.

"म्हणजे काय?"

"अर्थ दोन आहेत. डोळ्यांनी केले तर रडणे. घशाने केले तर ओरडणे."

"रडत असेल तर समजूत घालायला ससा पाठवा," सिंह म्हणाला. "ओरडत असेल तर हत्ती. काय ते एक ठरवा."

"बगळेबुवा, दोन्ही करतेय हो मी," झिपरी म्हणाली. "पोर बुडतंय तिकडं."

"दोन्ही चालत नाही, बाई. मूळ पाहावे लागेल. हा शब्द रोमचा. तिथे संकटात सापडलेला माणूस रोमच्या नागरिकांना हाक मारी. त्यावरून आला."

"मग हाकच मारतेय की."

"तुम्ही रोमच्या नागरिक आहात?"

 झिपरी ओढ्यापलीकडेसुद्धा कधी गेली नव्हती.

तेवढ्यात साळिंदराने काटे फुलवले. तोही विद्वान होता. "साफ चूक," तो म्हणाला. "हा शब्द डुकराच्या किंचाळण्यावरून आला."

"शी," बगळा म्हणाला. "डुकराचे किंचाळणे ऐकून कोण शब्द करील?"

कोपऱ्यातले रानडुक्कर उठले. त्याच्या घराण्याचे नाव दरबारात आजवर कुणी काढले नव्हते. "का? काय वाईट आहे आमच्या किंचाळण्यात? चला डबक्यावर. आमची मंडळी तिथंच लोळतायत. ऐका आणि मग बोला."

सगळा दरबार डबक्यावर गेला. हत्तीही गेला, पण ऐकायला. रेडकाचे आता नुसते डोके वर होते. 

डुकरे रांगेत उभी राहिली आणि घराण्याच्या अब्रूसाठी किंचाळली. झाडावरची माकडे खाली पडली. रेडकाने तसले काही जन्मात ऐकले नव्हते. भेदरून त्याने असा हिसडा मारला, की गाळासकट काठावर येऊन आदळले.

झिपरी त्याला चाटू लागली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

बगळा लगबगीने जवळ आला. "बाई, हे आता नेमके कुठल्या अर्थाने?"

"बाजूला व्हा," झिपरी म्हणाली. "शेपटी लागेल."

तात्पर्य : संकटात सापडल्यावर विद्वानांकडेच जावे. फक्त त्यांच्यात भांडण आहे ना, याची आधी खात्री करून घ्यावी. एकमत असेल, तर पोर गेलेच.