कलम नऊचे साक्षीदार

मनुष्य हा स्वतःच्या देहाचा एकमेव आणि सार्वभौम स्वामी आहे, असा ठराव इस्पितळाच्या नीतिमंडळाने बाके वाजवून एकमताने मंजूर केला. या स्वामित्वाचे अर्ज खिडकी क्रमांक चारवर, सोमवार सोडून, साडेबारापर्यंत मिळतात.

नियमकाका तीन आठवडे अतिदक्षता विभागात, खाट क्रमांक सहावर, श्वासाच्या यंत्राला जोडलेले होते. मेंदूने कामकाज कायमचे थांबवले आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले होते. उभी हयात सरकारी नियमांचे मसुदे करण्यात गेली, म्हणून हे नाव. माणूस दूरदर्शी. चार वर्षांपूर्वीच त्यांनी लिहून ठेवले होते, 'शुद्धीवर येण्याची आशा नसेल तर मला यंत्रावर लोंबकळत ठेवू नये.' खाली सही, तारीख. शिवाय बायकोकडून शब्द घेतला होता, तो वेगळाच.

तो कागद घेऊन काकू मंडळापुढे उभ्या राहिल्या.

"कागद उत्तम आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण सही केली तेव्हा काका शुद्धीत होते ना?"

"मग! बेशुद्धीत कोण सही करतं?"

"तिथेच तर घोडं अडलंय. शुद्धीतल्या माणसाला बेशुद्धीचा काय अनुभव? त्याचं मत ग्राह्य कसं धरायचं? आज त्यांना अनुभव आहे, तर ते बोलत नाहीत."

"बोलले असते तर मी इथे कशाला आले असते, साहेब?"

इतिवृत्तात नोंद झाली : अर्जदार भावनाविवश.

तरीही मंडळ न्यायी होते. काकांना बाजू मांडण्याची संधी मिळावी म्हणून खाटेच्या दांडीला नोटीस डकवण्यात आली : सात दिवसांत समक्ष हजर राहून म्हणणे मांडावे. आठव्या दिवशी कारकून पाहणीला गेला. काका समक्ष हजर होते. त्यांनी खाटही सोडली नव्हती. उपचारांविरुद्ध मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही. 'रुग्ण समाधानी,' असा शेरा बसला.

"समाधानी?" काकू उसळल्या. "अहो, चहात चिमूटभर साखर जास्त पडली तर कप सरकवून ठेवणारा माणूस तो! घशात नळी खुपसलीय आणि म्हणे समाधानी!"

अध्यक्ष विरघळले. "मीही माणूसच आहे, काकू. देतो मंजुरी. फक्त कलम नऊची पूर्तता करा." त्यांनी चष्मा लावून वाचले, "'ज्यांचे रुग्णाशी नाते नाही, ज्यांना त्याच्याकडून काही मिळावयाचे नाही, आणि ज्यांनी प्रकरण पहिल्या शब्दापासून एकही ओळ न गाळता वाचले आहे, असे दोन साक्षीदार.'"

काकू खुर्चीतून उठता उठता थांबल्या.

"एकही ओळ न गाळता... हे ह्यांनीच लिहिलंय. दुधाच्या पावतीचीसुद्धा मागची बाजू वाचल्याशिवाय सही करत नसत."

"थोर मसुदा! नऊ वर्षांत एकही साक्षीदार सापडलेला नाही."

"तुम्ही तरी वाचलंय का सगळं?"

"मी अध्यक्ष आहे, काकू. मी सही करतो."

तेव्हापासून काकू फाइल मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसतात. येणारा-जाणारा थांबतो, पहिले पान उलटतो, "अरेरे" म्हणतो, घड्याळ बघतो. आत यंत्र काकांची छाती इमानेइतबारे वरखाली करत असते.

तुम्ही मात्र पहिल्या शब्दापासून इथवर आलात. काकांशी तुमचे नाते नाही, त्यांच्याकडून काही यायचे नाही. मधली एखादी ओळ गाळली असेल तर मागे जाऊन वाचून या. काकू थांबतील, त्यांना सवय झाली आहे. हळहळ आणू नका, ती तिथे मुबलक आहे. सही हवी आहे. आणि येताना पेन तेवढे स्वतःचे आणा. खिडकी चारवरचे कुणीतरी दोरीसकट नेले आहे.