‘चुकलं माझं’, ट्रम्पेटवर

खरं सांगायचं तर दोष सगळा किटलीचा. त्या सकाळी मी दाढी करत होतो आणि स्वयंपाकघरातून बारीक, लांबलचक शिट्टी ऐकू आली. कर्तव्यदक्ष नवरा या नात्यानं मी ओरडलो, "अगं, किटली कोकलतेय, उतरव!"

शिट्टी थांबली. पण ती किटली नव्हती. गाण्याच्या क्लासात नुकताच शिकलेला वरचा सूर बायको फोनवरून आपल्या ताईला ऐकवत होती. (ताई एवढी हसली की मला न्हाणीघरात ऐकू आलं.)

तेव्हापासून अबोला. एकाच टेबलावर समोरासमोर बसायचं आणि निरोप माझ्या आईमार्फत धाडायचे! आईला कमी ऐकू येतं, हे वेगळंच.

"आई, यांना सांगा, मीठ कोपराशी आहे."

"ती म्हणते," आई मला म्हणाली, "नीट कोपऱ्यात बस."

मी माफी मागितली नाही असं नाही. पण माझं तोंडच असं, की 'बरं बाई, चुकलं' म्हटलं की ऐकणाऱ्याला फक्त 'बरं बाई' ऐकू येतं. शेवटी ठरवलं, शब्दांचा नाद सोडायचा. खालच्या मजल्यावर एक निवृत्त बँडमास्तर राहतात. त्यांनी ट्रम्पेट ओठांना लावला की पितळेच्या आत कुणीतरी बसून गातंय असं वाटतं. त्यांना गाठलं.

"काय वाजवायचंय?"

"'चुकलं माझं'. एवढंच."

"वाजवायचं नाही, साहेब. गायचं! आधी तोंडानं म्हणा बघू."

मी म्हटलं.

"हे तुम्ही पाणीपट्टीची पावती मागताय!" मास्तर कळवळले. "श्वास पोटातून, शब्द मनातून. शेवटच्या शब्दावर जरा रेंगाळा. आणि एक ध्यानात ठेवा, हे वाद्य लबाडी करत नाही. मनात असेल तेच बाहेर काढतं."

(मला वाटलं, वाद्याची जाहिरात करताहेत.)

मास्तरांनी आपला जुना ट्रम्पेट दिला आणि माझा छळ सुरू झाला. ओठ एवढे सुजले की ऑफिसात साहेबांनी केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" घरी मी न्हाणीघराचं दार लावून फुंकायचो. बाहेरून बायकोचा आवाज यायचा, "आई, यांना सांगा, किटली कोकलतेय." आणि आई उठून खरंच गॅस बघून यायची! वैताग नुसता.

पण एके दिवशी मास्तरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आता गातोय."

त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. बायको सिंकपाशी होती. मी पोटातून श्वास घेतला आणि जीव ओतला. सूर असा थरथरला की माझंच मन भरून आलं. आईनं डोळ्यांना रुमाल लावला. बायकोचा हात थांबला. ती वळली आणि इतक्या दिवसांनी थेट माझ्याशी बोलली.

"चुकलं तुझं? मला म्हणताय?"

"तुझं नाही गं! माझं, माझं!"

"मला स्वच्छ ऐकू आलं. वर 'तुझं'वर रेंगाळलात!"

"आई, तू तरी सांग हिला!"

"'तुझं'च म्हणालास रे," आई डोळे पुसत म्हणाली. "कितीतरी दिवसांनी मला काही नीट ऐकू आलं."

मी तणतणत जिना उतरायला लागलो, तर मास्तरच वर येत होते. त्यांचे डोळे पाणावलेले. मला मिठी मारून म्हणाले, "जमलं, साहेब! शब्द न् शब्द कळला! पण वहिनींचं एवढं चुकलं तरी काय?"

(फुंकताना माझ्या मनात नेमकं काय होतं, ते मी इथे सांगणार नाही. वरचा सूर लावणाऱ्यानं शेजारी किटली आहे याचं भान ठेवावं, एवढंच माझं म्हणणं.)

परत वर आलो. बायकोनं माझ्या हातातून ट्रम्पेट घेतला. तिला ना धडे, ना ओठांचा सराव. तिनं गाल फुगवले आणि फुंकलं, "भों!"

शब्द न् शब्द कळला. मी मुकाट्यानं बाह्या सरसावल्या आणि सिंकमधली सगळी भांडी घासली. शेवटी किटली घासून पालथी घालणार, तोच मागून पुन्हा "भों" झालं.

मी किटली पुन्हा घासायला घेतली.