चकचकराव आणि हात लावायचा इतिहास

“आज संध्याकाळपर्यंत या घरात कायम नोकरीवाला माणूस असेल! लिहून ठेवा!” बुटाची नाडी बांधता बांधता चकचकरावांनी जाहीर करून टाकलं.

बायकोने मान डोलावली. सासरेबुवांनी वर्तमानपत्राआडून नुसतं “हं” केलं. ते “हं” चकचकरावांच्या चांगलंच ओळखीचं होतं. दुसऱ्यांची भांडी पुसायची ही कसली नोकरी, असा त्याचा सविस्तर अर्थ होता! सासरेबुवांचा सगळा जन्म बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत गेलेला. बाकीच्या नोकऱ्या त्यांच्या लेखी छंदात जमा.

चकचकराव कप्तानाच्या घराची व्यवस्था पाहत. फार पूर्वीच्या एका दर्यावर्दी कप्तानाचं हे घर आता संग्रहालय झालं होतं आणि चकचकराव तिथे हंगामी होते. इतकी वर्षं हंगामी, की हंगाम कुठला हे विचारायचंही लोकांनी सोडून दिलं होतं. खिशात सदानकदा पुसायचं फडकं, म्हणून हे नाव. रागावली की बायकोसुद्धा याच नावाने हाक मारायची.

आज शाळेची मुलं ‘हात लावा, इतिहास शिका’ या कार्यक्रमाला येणार होती. कल्पना चकचकरावांचीच. कार्यक्रम बघायला संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षबाई जातीने येणार होत्या. त्यांना आवडला, की नोकरी पक्की!

मग तयारीत कसूर कशी राहील? दुर्बीण, होकायंत्र, कंदील, कप्तानाचं टेबल, सगळं त्यांनी घासूनपुसून असं लखलखीत केलं होतं, की दुर्बिणीच्या नळीत बघून दाढी करावी! ‘हात लावू नये’च्या पाट्या काढून मागच्या बाजूला आपल्या खोलीत टेबलाखाली कोंबल्या होत्या. या गडबडीत जेवणाचा डबा तेवढा घरी राहिला.

मुलं आली. चकचकरावांनी प्रत्येकाच्या हातात दोरा लावलेल्या चिठ्ठ्या दिल्या.

“घरभर फिरा! जुनी वस्तू दिसली, की तिला चिठ्ठी बांधा आणि तिची माहिती लिहा. पण मला काही विचारायचं नाही हं! डोळे वापरा, डोकं वापरा!”

एवढं बोलून ते अध्यक्षबाईंच्या स्वागताला फाटकाशी जाऊन उभे राहिले. मागच्या दाराने कोण आत गेलं, हे त्यांना कसं दिसणार?

अध्यक्षबाईंना घेऊन ते दिवाणखान्यात आले आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. एकाही वस्तूला चिठ्ठी नव्हती! एक चष्मेवाली मुलगी तेवढी दुर्बिणीसमोर उभी होती.

“अगं, हिला का नाही बांधलीस?”

“सर, ही तर नवी आहे! किती चकाकतेय! दुकानातून आत्ताच आणलीत ना?”

“आणि होकायंत्र? कंदील?”

“सगळं नवंकोरं आहे सर. जुन्या वस्तू मागच्या खोलीत आहेत! खूप आहेत!”

मागची खोली! म्हणजे त्यांचंच ऑफिस! चकचकराव धावत सुटले. पण अध्यक्षबाईंची चाल त्यांच्यापेक्षा चपळ निघाली. दारात पोचून त्या मोठ्याने चिठ्ठ्या वाचू लागल्यासुद्धा.

चकचकरावांच्या खुर्चीवर लिहिलं होतं, ‘कैद्यांना छळायची खुर्ची. बसलं की चिमटा काढते.’ कॉम्प्युटरवर, ‘आवाज करणारी पेटी. दुसरा काही उपयोग सापडला नाही.’ खुंटीवरच्या त्यांच्या जाकिटावर, ‘जहाज बुडालं तेव्हा कप्तानाच्या अंगात होतं.’ खिडकीबाहेरच्या स्कूटरलाही चिठ्ठी होती. ‘लढाईत जखमी.’

“बाई, हा माझा...” चकचकराव सांगायला गेले आणि त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली.

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत मांडीवर डबा घेऊन सासरेबुवा गाढ झोपले होते! विसरलेला डबा पोचवायला आले असतील आणि वाट बघता बघता डोळा लागला असेल. मुलांनी त्यांच्या गळ्यात ‘हात लावू नये’ची पाटी घातली होती. चिठ्ठी गुंडीला बांधली होती. ‘मूळ मालक असावेत. श्वास चालू आहे.’

“बाबा! उठा, उठा!” चकचकराव पुढे झेपावले.

“हात लावू नका!” अध्यक्षबाई कडाडल्या. पाटी त्यांनी वाचली होती.

आवाजाने सासरेबुवांनी डोळे उघडले. समोर मुलांचा घोळका. चष्मेवालीने विचारलं, “आजोबा, तुम्ही कप्तान ना?”

जावई मागून दोन्ही हात हलवून ‘नाही, नाही’ करत होता. पण चौकशीच्या खिडकीतला माणूस तो! प्रश्न आला की उत्तर द्यायचं, माहीत असो वा नसो.

“हो. कुणी विचारलं नाही, म्हणून बोललो नव्हतो.”

मुलांनी गलका केला. “जहाज बुडालं तेव्हा काय केलंत?”

“प्रवाशांना सांगितलं, थोडा उशीर होईल.”

“आणि चाचे आले तेव्हा?”

“रांगेत या म्हटलं. सुट्टे पैसे काढून ठेवा म्हटलं. कंटाळून गेले.”

“समुद्रात रस्ता कसा सापडायचा?”

इथे सासरेबुवा उठले. गळ्यात पाटी तशीच. मुलांना घेऊन ते दिवाणखान्यात गेले. दुर्बीण चष्मेवालीच्या डोळ्याला लावली, होकायंत्र एकेकाच्या तळहातावर ठेवलं. मुलं गोल गोल फिरू लागली, सुई उत्तरेकडेच बघत राहिली. ठशांनी सगळं पितळ बरबटलं! चकचकरावांचा हात फडक्याकडे गेला, पण अध्यक्षबाईंनी नुसतं बघितलं आणि तो खिशातच राहिला.

“पण आजोबा, हे खरंच जुनं आहे?” चष्मेवालीची शंका फिटत नव्हती. “मग चकाकतं कसं?”

“माझा जावई पुसतो ना! जेवायचं विसरेल, पुसायचं विसरायचा नाही.” सासरेबुवांनी आवाज खाली आणला. “खरं सांगू? मी कप्तान नाही. मी खोटा. वस्तू मात्र अगदी खऱ्या.”

चकचकरावांना एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत सासऱ्यांच्या तोंडून त्यांनी ऐकलेलं हे पहिलं कौतुक! मुलं तर टाळ्या वाजवत होती. हसून हसून अध्यक्षबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“ठरलं!” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “इथली कायम जागा आजच भरून टाकते!”

चकचकरावांनी केसांवरून हात फिरवला, चेहरा शक्य तितका विनम्र केला आणि हात पुढे केला. अध्यक्षबाई त्यांच्या बाजूने गेल्या आणि त्यांनी सासरेबुवांचा हात हातात घेतला.

“उद्यापासून या!”

“अहो बाई, पण... त्यांचं वय...” चकचकराव चाचरले.

“इतिहासाच्या नोकरीला वयाची अट कसली! आणि तुम्हीही राहा की. हंगामी तर आहातच. फक्त ते पुसणं जरा कमी करा. आणि तुमच्या खोलीतलं सगळं सामान दिवाणखान्यात मांडा. मुलांनी फार छान माहिती लिहिली आहे.”

संध्याकाळी दोघं चालतच घरी आले. स्कूटर आता संग्रहालयाची होती. बायको दारातच उभी होती.

“काय झालं? आहे का घरात कायम नोकरीवाला माणूस?”

“आहे,” चकचकराव म्हणाले. सासरेबुवांनी पाटी गळ्यातून अजून काढली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चकचकराव बुटाची नाडी बांधत होते, तेवढ्यात बायको आतून धावत आली.

“अहो, बाबा घाईत निघाले आणि डबा इथेच राहिला. तुम्ही तसे तिकडेच जाताय ना?”